जास्तीचे पैसे परत करायला गेलेली रिनेट

बटाट्याच्या कारखान्यात रिनेट देशेन पट्ट्यापाशी उभी असायची. सोललेले, कापलेले तुकडे समोरून वाहत यायचे. त्यातले डागाळलेले हेरून बाजूला टाकायचे, एवढंच तिचं काम. नोकरीच्या पहिल्या वर्षी घरी आल्यावर तिला स्वयंपाकघरातली फरशीसुद्धा डावीकडून उजवीकडे सरकताना दिसायची. पुढे फरशी थांबली, किंवा रिनेटच तिच्याबरोबर सरकायला लागली, काय झालं ते तिलाही सांगता आलं नसतं. तिचं निम्मं आयुष्य त्या पट्ट्यावरून गेलं.

मेन राज्याच्या अगदी वरच्या टोकाला, नदीकाठी तिचं गाव. या काठाला अमेरिका, त्या काठाला कॅनडा. पण आडनावं दोन्हीकडे तीच, घरात बोलायची फ्रेंच तीच, आणि रविवारी ताटात पडणारे कुट्टूच्या पिठाचे प्लॉयही तेच, घावनासारखे जाळीदार, पण एकाच बाजूने भाजलेले. तरुणपणी रिनेटचं लग्न ठरलं होतं. मुलाला दक्षिणेकडे कनेटिकटच्या कारखान्यात काम लागलं, तो म्हणाला चल, ही म्हणाली तूच इकडे ये, आणि दोघंही आपापल्या जागी राहिले. धाकट्या भावाने, रोझेरने, लग्न केलं, पण त्याची बायको त्याला सोडून गेली आणि तो दोन पेट्या आणि एक हत्यारांची पेटी घेऊन बहिणीच्या घरी परतला. तेव्हापासून घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये तो लोकांच्या बर्फावरच्या गाड्या आणि गवत कापायची यंत्रं दुरुस्त करायचा. भावाबहिणीचं जमायचं. म्हणजे दिवसातून एकदा भांडण व्हायचं आणि ते जेवायच्या आत मिटायचं.

रिनेट साठीकडे झुकली होती तेव्हाची गोष्ट. कारखान्याच्या थंड गोदामात माल हलवणाऱ्या गाडीचा धक्का खोक्यांच्या थप्पीला लागला. गोठवलेल्या बटाट्याची ती खोकी, दगडासारखी. रिनेट तिथे उभी नव्हती, नुसती तिथून चालली होती. उजव्या खांद्यावर थप्पी आली. शस्त्रक्रिया झाली, मग दुसरी झाली, आणि डॉक्टर प्रिचर्ड म्हणाले की हात छातीपर्यंत येईल, त्याच्या वर आता विसरा.

कंपनीच्या विम्याकडून आठवड्याच्या आठवड्याला भरपाई येऊ लागली. पगाराइतकी नाही, पण येत होती. मग विमावाल्यांतल्याच कोणीतरी सांगितलं की तुम्ही आता कामावर जाऊ शकत नाही, तर सरकारकडे अपंगत्वाच्या पेन्शनचा अर्ज करा. एवढी वर्षं पगारातून त्यासाठी पैसे कापले गेलेत, ते तुमचेच आहेत. रिनेटने अर्ज केला. पहिल्यांदा नाही म्हणाले. दुसऱ्यांदा पुष्कळ महिन्यांनी हो म्हणाले. पेन्शन आली, पण कळवली होती त्याच्या निम्मीच.

“चूक झाली असणार,” रिनेट म्हणाली.

रोझेरने चष्मा लावून कागद वाचला. “चूक नाही. तुला आठवड्याची भरपाई मिळते म्हणून इकडून कापलंय. दोन्ही मिळून तुझ्या पगाराच्या अमुक एका हिश्शाच्या वर जायला नको, असं लिहिलंय.”

“पण भरपाई कंपनी देते आणि पेन्शन सरकार देतं. त्यांचा एकमेकांशी काय संबंध?”

“वाढणारे दोघं आहेत, पण जेवणारी तू एकटीच, असं त्यांचं म्हणणं.”

हे रिनेटला एका परीने पटलं. तिला कोणाचं जास्त खायचं नव्हतंच. अर्धी तर अर्धी, दोन्ही मिळून घर चालत होतं.

मग रिनेटच्या बाजूने क्रॉकेट वकील आले. क्रॉकेट खालच्या मोठ्या शहरातले, फ्रेंच न येणारे, भराभर बोलणारे, आणि बोलताना मधूनच फोनकडे बघणारे. वाईट माणूस नव्हता. विमा कंपनी रिनेटला दर आठवड्याला पैसे देऊन कंटाळली होती, आणि आता एकरकमी पैसे देऊन हे प्रकरण मिटवावं असं तिला वाटत होतं. क्रॉकेटनी आकडा सांगितला. रिनेटने असा आकडा फक्त घरांच्या जाहिरातीत बघितला होता.

“आणि मग आठवड्याचं बंद?” तिने विचारलं.

“बंद. सगळं एकदम मिळालं की संपलं.”

“आठवड्याचं बंद झालं की सरकारने कापलेली माझी पेन्शन मला पूर्ण मिळेल ना?”

“मिळायला हवी,” क्रॉकेट म्हणाले आणि त्यांचा फोन वाजला.

मिळायला हवी आणि मिळेल, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे रिनेटला पुढे कळलं. त्या दिवशी तिला त्या एकच ऐकू आल्या.

कामगारांच्या भरपाईचं काम बघणाऱ्या मंडळाच्या न्यायाधीशाने तडजोडीवर सही करण्यापूर्वी तिला विचारलं, आपण काय सोडून देतोय ते तुम्हाला कळलंय का. आमच्या खोऱ्यातली माणसं न्यायाधीशाला हो म्हणतात, पाद्र्याला हो म्हणतात आणि डॉक्टरला हो म्हणतात. नंतर घरी येऊन एकमेकांना विचारतात की तो काय म्हणत होता. रिनेट हो म्हणाली. सह्या झाल्या. तिने स्वतः पेन्शन कचेरीला फोन करून कळवलंही की माझं आठवड्याचं बंद झालंय आणि एकरकमी पैसे मिळालेत. पलीकडच्या माणसाने नोंद घेतो म्हटलं.

पुढच्या महिन्यात पेन्शन पूर्ण आली. रिनेटने तळ्याकाठी एक लाकडी खोपी विकत घेतली. आमच्याकडे प्रत्येकाची तळ्यावर अशी एक खोपी असते किंवा असावी अशी इच्छा तरी असते. दोन खोल्या, एक शेगडी, आणि पुढे पाण्यात गेलेली फळ्यांची वाट. त्या उन्हाळ्यात ती सकाळी फळ्यांवर बसून कॉफी प्यायची आणि पाण्यावर काही हललं तरी त्याच्याकडे लक्ष द्यायची नाही. जे समोरून जातं ते जाऊ द्यायचं, हे तिला नवीन होतं.

पुढचा उन्हाळा यायच्या आत पेन्शन कचेरीचं पाकीट आलं. त्यातली दोन पानं रिनेटने वाचली, मग रोझेरने वाचली, मग दोघांनी मिळून वाचली. एकरकमी मिळालेले पैसे म्हणजे पुढच्या बऱ्याच वर्षांची आठवड्याची भरपाई एकदम दिलेली आहे असं कचेरीने धरलं होतं. म्हणून आठवड्याची भरपाई चालूच आहे असं समजून पेन्शनीतली कपातही चालू राहणार होती, ते सगळे पैसे कागदावर आठवड्याआठवड्याने संपेपर्यंत. आणि गेले काही महिने जी पूर्ण पेन्शन दिली गेली ती चुकून दिली गेली, तेव्हा ती परत करावी.

“थांब जरा,” रिनेट म्हणाली. “म्हणजे मला न मिळणारी आठवड्याची भरपाई मला मिळतेय असं धरून ते माझी मिळणारी पेन्शन कापणार?”

“हो.”

“आणि मिळालेली परत मागणार.”

“हो.”

“मी फोन केला होता रोझेर. मी स्वतः सांगितलं होतं.”

“मला काय सांगतेस. मी होतो इथे बसलेला.”

“मग मी काय करायला हवं होतं?”

रोझेर उठून गॅरेजमध्ये गेला आणि बराच वेळ कुठल्यातरी यंत्राचा पट्टा उगाच घट्ट करत बसला. संध्याकाळी येऊन त्याने भिंतीवरचं दिनदर्शिकेचं पान उलटं केलं आणि मागे हिशेब मांडला. रिनेट सदुसष्ट पूर्ण करील तेव्हा कुठे कपात थांबणार होती. ते साल त्याने खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि पान गॅरेजच्या दाराला आतून चिकटवलं.

क्रॉकेट वकिलांनी फोनवर तिच्याकडून पत्र दोनदा वाचून घेतलं. मग म्हणाले की तडजोडीच्या कागदात एक वाक्य असायला हवं होतं.

“कुठलं वाक्य?”

“की ही रक्कम तुमच्या उरलेल्या आयुष्यावर पसरून मोजावी. तुम्ही अजून पंचवीस वर्षं जगाल असं धरलं तर दर आठवड्याच्या वाट्याला फार थोडे पैसे आले असते. मग कपात जवळजवळ झालीच नसती.”

“एका वाक्यासाठी?”

“हो.”

“ते वाक्य तुम्हाला माहीत होतं?”

“माहीत होतं,” क्रॉकेट म्हणाले. एवढं मात्र त्यांनी सरळ सांगितलं.

त्यांनी खटपट केली. न्यायाधीशाकडून ते वाक्य घातलेला नवा कागद करून आणला. पेन्शन कचेरीने तो नाकारला. कपात चुकवण्यासाठी मागाहून घातलेलं वाक्य आम्ही मानत नाही, म्हणाले. काही दिवसांनी क्रॉकेटनी आपल्या फीतल्या काही पैशांचा चेक रिनेटला परत पाठवला. सोबत एक ओळही नव्हती. हे पैसे पुन्हा कुठल्या तरी कपातीत धरले जातील का, ते कळवायला हवेत का, या काळजीने रिनेटने तो कित्येक दिवस वटवलाच नाही.

परत करायचे पैसे भरण्यासाठी तळ्यावरची खोपी विकावी लागली. एका चुलतभावाने घेतली. तो म्हणाला, कधीही येऊन राहा. ती एकदा गेली, त्याच्या बायकोने केलेली कॉफी प्यायली आणि पुन्हा गेली नाही.

तडजोडीत आणखी एक अट होती, आणि तिने पुढची सगळी वर्षं रिनेटला वेगळाच घोळ घातला. मिळालेल्या रकमेतला एक हिस्सा स्वतंत्र खात्यात ठेवायचा आणि तो फक्त खांद्याच्या औषधपाण्यावर खर्च करायचा. तो संपल्याशिवाय पेन्शनबरोबर मिळणारा सरकारी आरोग्य विमा खांद्यासाठी एक पैसा देणार नाही; बाकी सगळ्या शरीराला मात्र देईल. ऐकताना हे सरळ वाटलं. पण दुखणं कुठे थांबतं ते दुखण्याला माहीत नसतं. रिनेटच्या खांद्यातून कळ निघायची ती मानेत जायची, कधी पाठीत उतरायची.

“हे कुठे दुखतंय?” डॉक्टर प्रिचर्डनी मानेखाली दाबून विचारलं.

“तिथेच.”

“ही मान आहे.”

“पण सुरू खांद्यापासून होतं.”

“मग बिल कशाचं लिहू?”

“तुम्ही सांगा डॉक्टर. मान असेल तर सरकारची आहे. खांदा असेल तर माझी.”

प्रिचर्डनी थोडा विचार केला आणि पुन्हा दाबून बघितलं. “साधारण मधोमध आहे,” ते म्हणाले.

शेवटी त्यांनी मान लिहिली. सरकारी विम्याने ते बिल परत पाठवलं आणि विचारलं की ही मान खांद्यामुळे दुखते का. मग प्रिचर्डनी खांदा लिहिला. वर्षाच्या शेवटी त्या खात्यातून काय खर्च झालं ते रिनेटला लिहून पाठवावं लागायचं, आणि ते लिहिताना ती दर वेळी रोझेरला समोर बसवून स्वतःच्या अंगावर बोट ठेवून विचारायची, इथे म्हणजे काय धरायचं. रोझेर म्हणायचा, नदीच्या मधोमध एक रेघ आहे असं म्हणतात ना, इकडची आपली आणि तिकडची कॅनडाची, तशी तुझ्यावर पण मारून घे.

या काळात कारखान्यातल्या बायका तिच्याकडे यायला लागल्या. कुणाचं मनगट गेलेलं, कुणाची पाठ. लुदिविन नावाची तिची जुनी सोबतीण एका दुपारी आली आणि कोट न काढताच खुर्चीत बसली.

“सोमवारी सही करायची आहे. तुला सगळं माहीत आहे म्हणून आले.”

“मला काही माहीत नाही,” रिनेट म्हणाली. “मला जेवढं होतं तेवढंही आता राहिलं नाही.”

“तरी काहीतरी सांग.”

रिनेटने आठवून आठवून सांगितलं की एक वाक्य असतं, पैसे उरलेल्या आयुष्यावर पसरायचं, ते आधीच घालून घे, मागाहून चालत नाही. लुदिविनने ते दोनदा म्हणून पाठ केलं. पुढे तिची पेन्शन फारशी कापली गेली नाही. ते वाक्यामुळे की तिचा पगारच वेगळा होता म्हणून, हे दोघींनाही सांगता आलं नाही. पण लुदिविन तेव्हापासून दर नाताळला रिनेटकडे मांसाचं सारण भरून भाजलेली पाई घेऊन यायला लागली.

अशी वर्षं गेली. रिनेट कापलेल्या पेन्शनीत जगायला शिकली. शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये बिंगोचे आकडे पुकारायचं काम तिने घेतलं. तिथे निघालेला आकडा निघालेला असायचा आणि त्यावर पुन्हा पत्र यायचं नाही. रोझेरच्या गुडघ्यांनी दगा दिला, त्याने मोठ्या गाड्या घेणं सोडलं. गॅरेजच्या दाराला चिकटवलेलं पान तेलाने पिवळं पडलं, पण खालचं साल दिसत होतं.

रिनेटला सहासष्ट पूर्ण झाली त्याच्या पुढच्या महिन्यात बँकेत पेन्शन जास्त आली. थोडीथोडकी जास्त नाही, पूर्ण आली.

तिला आनंद झाला नाही. ती बँकेचा कागद घेऊन गॅरेजमध्ये गेली.

“एक वर्ष लवकर आलेत,” दारावरच्या पानाकडे बघत रोझेर म्हणाला. “माझा हिशेब चुकलेला नाही. मी पुन्हा करून बघितला.”

“मग त्यांचा चुकलाय.”

“तसंच दिसतंय.”

“म्हणजे पुन्हा तेच. आता देतील, मग परत मागतील. या वेळी विकायला काय आहे? तुझं गॅरेज?”

“गॅरेज कोण घेतंय.”

त्याआधी कचेरीचं एक पाकीट आलं होतं हे खरं. तुमची अपंगत्वाची पेन्शन आता निवृत्तीची पेन्शन झाली आहे, तुम्हाला काही करण्याची गरज नाही, असं त्यात होतं. कपातीबद्दल एक अक्षर नव्हतं. काही करण्याची गरज नाही, या वाक्यावर रिनेटचा आता विश्वास राहिला नव्हता. ती बँकेत गेली आणि आणखी एक खातं उघडलं. खांद्याचं एक, घरखर्चाचं एक, आणि आता हे तिसरं, सरकारने चुकून दिलेल्या पैशांचं. बँकेतली मुलगी म्हणाली, “बाई, आमच्या गावात तुमच्याइतकी खाती फक्त सरपणाच्या व्यापाऱ्याची आहेत.”

दर महिन्याला जेवढं जास्त येई तेवढं ती तिसऱ्या खात्यात ढकले. आणि हिवाळा लागायच्या आत, रस्ते चालू होते तोवर, तिने त्या सगळ्या पैशांचा एक चेक लिहिला, रोझेरच्या ट्रकमध्ये बसली आणि दोघं दक्षिणेला पेन्शन कचेरीत गेले.

खिडकीपलीकडे डार्लीन लगासे नावाची बाई होती. पाटीवर नाव वाचून रिनेटला जरा धीर आला; लगासे म्हणजे आपल्यातलीच.

“बोला, काय काम होतं?”

“पैसे परत करायचे आहेत.”

डार्लीनने मान वर केली. “कसले पैसे?”

“तुमचेच. तुम्ही गेले काही महिने मला जास्त पाठवताय.”

“जास्त आहेत असं कोण म्हणालं?”

“माझा भाऊ. त्याने दारावर लिहून ठेवलंय.”

डार्लीनने रोझेरकडे बघितलं. रोझेरने टोपी काढली. मग डार्लीनने संगणकावर बराच वेळ बघितलं, आणि जेव्हा पुन्हा बोलायला लागली तेव्हा इंग्रजी सोडून घरच्या फ्रेंचमध्ये बोलली.

“रिनेटबाई, ऑगस्टमध्ये तुम्हाला सहासष्ट झाली ना?”

“झाली.”

“तर मग आता तुम्ही अपंग नाही.”

रिनेटने उजवा हात जमेल तेवढा उचलून दाखवला. “हा बघा. याच्या वर जात नाही.”

“हाताचं नाही म्हणत मी. आमच्या दफ्तरातलं म्हणते. सहासष्टपर्यंत तुम्ही अपंग होता. आता तुम्ही म्हाताऱ्या झालात. अपंगत्वाची पेन्शन संपली, म्हातारपणाची लागली. मूळ रक्कम तीच. फक्त भरपाईची कपात असते ती अपंगत्वाच्या पेन्शनला असते, म्हातारपणाच्या पेन्शनला नसते. म्हणून ती गेली.”

“पण भरपाईचे पैसे अजून संपले कुठे? तुमच्या हिशेबाने मला अजून वर्षभर आठवड्याचे मिळतायत.”

“हो, हिशेबात मिळतायत.”

“मग?”

“मग काही नाही. आता तिकडे कोणी बघत नाही.”

रिनेट म्हणाली, “खांदा तोच, पैसे तेच, आणि मीही तीच.”

“वय वेगळं.”

“म्हणजे मी म्हातारी झाले म्हणून मला पूर्ण मिळतंय.”

“असं कोणी लिहीत नाही, पण हो.”

मागून रोझेर म्हणाला, “हे आधी सांगितलं असतं तर तिने घाई केली असती.”

डार्लीन हसली. रिनेट हसली नाही. ती चेकची घडी बोटांनी दाबत होती. “तुम्ही हे परत मागणार नाही?”

“माझ्या माहितीप्रमाणे नाही.”

‘माझ्या माहितीप्रमाणे’ हे दोन शब्द रिनेटने बरोबर पकडले. पूर्वीची रिनेट असती तर तिला ते ऐकू आलेच नसते. “घेऊन ठेवा ना हा चेक,” ती म्हणाली. “तुमच्याकडेच राहू दे. वर्षभराने लागला नाही तर मला द्या.”

“अहो, मला घेता येत नाही. कशाखाली घेऊ? तुमचं काही देणंच नाही आम्हाला.”

परतीच्या रस्त्यावर दोन्हीकडे खणून झालेली बटाट्याची शेतं होती, काळी आणि रिकामी.

“तुला कळलं?” रिनेटने विचारलं.

“ती बोलत होती तेव्हा कळत होतं,” रोझेर म्हणाला.

“मलाही तसंच. ती थांबली की जातं.”

तिने पैसे तसेच ठेवले. हिवाळ्यात कचेरीच्या मदतीच्या नंबरवर तिने फोन केला. एकदा एका मुलाने सांगितलं की सगळं बरोबर आहे. दुसऱ्यांदा एका बाईने सांगितलं की सध्या तरी काही अडचण दिसत नाही. ‘सध्या तरी’ ऐकून रिनेटने पुढचे दोन महिने चहात साखर कमी घातली. रोझेर वैतागला. तो म्हणाला, “तू मेल्यावर हे पैसे मला मिळतील, मग ते माझ्याकडे परत मागतील, मग मी मरेन. कोणीतरी मध्येच खर्च करायला पाहिजे की नाही?” त्या दिवशीचं भांडण जेवायच्या आत मिटलं नाही.

पुढच्या वसंतात चर्चमध्ये बीन्सचं सार्वजनिक जेवण होतं. लांब बाकावर रिनेटच्या शेजारी कोणीतरी येऊन बसलं आणि म्हणालं, “चेकवाल्या बाई ना तुम्ही?” डार्लीन लगासे होती. बहिणीला भेटायला या गावात आली होती. कचेरीच्या खिडकीशिवाय ती बुटकी दिसत होती.

“अजून तिथेच आहात?” रिनेटने विचारलं.

“नाही. जानेवारीत निवृत्त झाले.” डार्लीनने पावाला लोणी लावलं. “आता मला पण पेन्शन.”

“मग तुमचं तरी सगळं तुम्हाला कळत असेल.”

डार्लीनने आजूबाजूला बघितलं, जणू खिडकीमागे अजून कोणी उभं आहे. “खरं सांगू? माझा नवरा रेल्वेत होता. त्याची एक पेन्शन, माझी सरकारी नोकरीची एक, आणि शिवाय ही तुमच्यासारखी म्हातारपणाची. पहिल्या महिन्यात मी धरली होती त्याहून कमी आली. मी माझ्याच जुन्या टेबलावर बसलेल्या मुलीला विचारलं. तिने सांगितलं. ती बोलत होती तोवर मला कळत होतं.”

रिनेटने चमचा खाली ठेवला. “मग तुम्ही काय केलंत?”

“काय करणार. जेवढे आले तेवढे खर्च करते.”

“आणि परत मागितले तर?”

“मागितले तर हप्त्याने देऊ. एकदम कोणी घेत नाही. मी इतकी वर्षं त्या खिडकीत बसले, कुणाचं घर गेलेलं बघितलं नाही.”

“माझी तळ्यावरची खोपी गेली.”

डार्लीनने तिच्याकडे बघितलं. “तुम्ही एकदम भरलेत?”

“परत करा म्हणून लिहिलं होतं.”

“हप्ते मागायचे होते. महिन्याला थोडे थोडे. हे तुम्हाला कोणी सांगितलं नाही?”

कोणी सांगितलं नव्हतं. रिनेटला राग येईल असं डार्लीनला वाटलं असावं, कारण तिने तिच्या डाव्या दंडावर हात ठेवला. पण रिनेटला राग शोधूनही सापडेना. कोणावर रागवायचं, हे ठरवायलाच तिला आणखी एक खातं उघडावं लागलं असतं. तिने विचारलं, “हप्त्याने देतात? नक्की?”

“नक्की,” डार्लीन म्हणाली. माझ्या माहितीप्रमाणे म्हणाली नाही.

त्या आठवड्यात रिनेटने तिसऱ्या खात्यातून पहिल्यांदा पैसे काढले. स्वयंपाकघरातल्या बेसिनवरची जुनी खिडकी कुजली होती; ती काढून मोठी बसवायची तिने ठरवली. सुतार आला, त्याने मापं घेतली आणि रोझेर त्याला उगाच सूचना देत उभा राहिला. खिडकी बसली. बाहेरची नदी आधी दिसायची त्याहून थोडी जास्त दिसू लागली, कॅनडाचा काठ आणि तिकडच्या एका घराचं लाल छप्परही. रिनेटने भांडी घासायची सोडून ते बघितलं.

“किती झाले?” रोझेरने विचारलं.

तिने सांगितलं.

“परवडले?”

“माहीत नाही,” रिनेट म्हणाली. “पुढच्या वर्षी सांगतील.” आणि नळ सोडून राहिलेली भांडी डाव्या हाताने घासायला लागली.